टाकीमागचा कोपरा

कवायतबाईंना पहिल्यांदा गच्चीवर नेलं ते खुर्चीसकट उचलून. दोघे पुढे, दोघे मागे, आणि मध्ये "हळू, भिंत सांभाळा, अरे तिकडून नको!" असं ओरडणारे दातांचे डॉक्टर. डॉक्टर इमारतीच्या समितीचे अध्यक्ष. माणूस मनाने चांगला, पण हात कमी चालायचे आणि तोंड जास्त. गच्चीवरच्या बागेला वर्ष पूर्ण झालं म्हणून सगळी इमारत वर जमली होती, आणि बाईंशिवाय काही खरं नाही असं डॉक्टरांनीच ठरवलं होतं.

लिफ्ट शेवटच्या मजल्यापर्यंतच जायची. तिथून गच्चीला एक अरुंद जिना होता, मध्येच काटकोनात वळणारा. त्या वळणावर व्हीलचेअर कलली, बाईंच्या मांडीवरची शाल घसरली आणि मागचा एक जण "गेली, गेली!" म्हणून किंचाळला. बाई हसल्या. मुलींच्या शाळेत उभा जन्म कवायत शिकवण्यात गेलेला. चारचौघांत घाबरलेलं दाखवायची त्यांना सवयच नव्हती. एका भित्र्या मुलीला दोरावर चढायचं कसं हे दाखवताना त्या वरून पडल्या, कंबरेखालचं सगळं गेलं, तेव्हाही दवाखान्यात नेताना त्याच त्या मुलीला समजावत होत्या म्हणे.

वर आल्यावर मात्र त्यांचं हसू विरलं आणि त्या नुसत्या बघतच राहिल्या. त्यांच्या घराची खिडकी उघडली की समोरच्यांची खिडकी दिसायची. हात जरा लांब केला तर त्यांची वाळत घातलेली चादर बोटांना लागावी, इतकी जवळ. आणि इथे डोक्यावर आख्खं आभाळ! अर्ध्यात कापलेल्या पिंपांत टोमॅटो लगडले होते, तारांवर घेवडा चढला होता, कुणाच्या तरी न्हाणीघरातून काढलेल्या टबात पुदिना माजला होता. ओल्या मातीचा वास येत होता. टाकीच्या मागून बाईंच्या वहिनी झारी घेऊन बाहेर आल्या, आणि बाईंना पाहून जागीच थबकल्या. मग घाईघाईने म्हणाल्या, "अगंबाई, वन्सं! तुम्ही वर?" पण त्यांचा चेहरा उतरला होता, हे बाईंच्या लक्षात आलं नाही. त्यांचं लक्ष टोमॅटोंवर होतं.

तासाभरात लोक पांगले. कुणाकडे पाहुणे यायचे होते, कुणाची कामावरची पाळी होती. उचलून आणणारे चौघे "आलोच हं बाई, दोन मिनिटांत" म्हणून गेले ते गेलेच. वहिनीही शेगडीवर काहीतरी ठेवून आल्या होत्या म्हणून खाली पळाल्या. बाई एकट्या राहिल्या. ऊन डोक्यावर आलं. सावलीत जावं म्हणून त्यांनी खुर्ची वळवली, तर पुढचं चाक दोन पिंपांच्या मध्ये अडकलं. थोड्या वेळाने त्यांना लघवीला लागली. हाक मारून ऐकायला कुणी नव्हतं. दात आवळून त्या बसून राहिल्या.

तेवढ्यात शेजारच्या इमारतीच्या गच्चीवर खडखड झाली. एक दार सरकलं आणि त्यातून कपड्यांची बादली घेऊन एक तरुण बाई बाहेर आली. ते लिफ्टचं दार होतं. त्यांची लिफ्ट थेट गच्चीपर्यंत येत होती! बाई सावरून बसल्या. ती गच्ची यांच्यापेक्षा गुडघाभर उंच होती. दोन्ही इमारतींमध्ये फट किती, तर एखादा धिप्पाड माणूस आडवा झाला तर दोन्हीकडे टेकेल एवढीच. बाईंनी नजरेनेच ती फट दोनतीनदा मोजली.

चौघे धापा टाकत परत आले, मागोमाग डॉक्टर, आणि माफी मागायला लागले. बाई म्हणाल्या, "माफी कसली त्यात? तुम्हाला कामं आहेत. पण यापुढे मला असं न्यायचं नाही. मी काही गादी नाही, वर्षातून एकदा उन्हात टाकायला. पुन्हा इथे येईन ती माझ्या हातांनी, आणि जाईनही माझ्या हातांनी."

डॉक्टर खो खो हसले. त्यांना वाटलं, बाईंनी विनोद केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई लिफ्टने खाली आल्या आणि शेजारच्या इमारतीकडे निघाल्या. अंतर म्हणाल तर चार पावलांचं, पण चाकांवरून जाणाऱ्याला ते गावाबाहेर गेल्यासारखं. फुटपाथवर चप्पल दुरुस्तीवाल्याची पेटी, मग लावून ठेवलेल्या स्कूटर, मग एक उघडं गटार. प्रत्येक ठिकाणी "जरा सरकता का?" करत, एकदा एक स्कूटर स्वतःच ढकलत त्या पोचल्या. रखवालदाराला म्हणाल्या, "काल सकाळी गच्चीवर कपडे वाळत घालत होती ना, त्या बाईला भेटायचंय."

ती निघाली इंजिनिअर. पादचारी पूल बांधणाऱ्या कंपनीत होती, हे बाईंचं नशीब. तिने बाईंना लिफ्टने वर नेलं. वर टाक्या, तारा आणि कबुतरांची घाण, बाकी काही नाही. इंजिनिअर कठड्यावरून वाकली, खाली बघितलं, समोर बघितलं, पुन्हा खाली बघितलं.

"होण्यासारखं आहे," ती म्हणाली. "इथून तिथे छोटा पोलादी पूल, दोन्ही बाजूंना कठडे. तुमची गच्ची खाली आहे, म्हणून तिकडे उतार लागेल. आणि तो लांबलचक हवा. आखूड केला तर उतरताना मजा वाटेल आणि परत चढताना रडू येईल. पण पाइप आणि तारा चुकवून जागा एकच उरते. ती बघा, तुमच्या पाण्याच्या टाकीमागे."

"तिथे काही नाही फारसं," बाई बेधडक म्हणाल्या.

मग बाईंनी जो सपाटा लावला, त्याला तोड नाही. शेजारच्या समितीला भेटल्या. त्यांची अट एकच, आमच्या माणसांनाही बागेत येऊ द्या. आपल्या इमारतीत दारोदार फिरल्या. डॉक्टरांच्या दवाखान्यात जाऊन, एका पेशंटचं तोंड उघडं असतानाच, सगळी योजना समजावून सांगितली. डॉक्टरांना नाही म्हणायला सवडच मिळाली नाही. शेवटी डॉक्टरांनी सभा बोलावली.

सभेत आधी थोडी काचकूच झाली. डॉक्टर म्हणाले, "उद्या पलीकडचा कोणीही येऊन टोमॅटो तोडून नेईल, त्याचं काय?"

"आत्ताही अलीकडचा कोणीतरी नेतोच आहे," मागून कुणीतरी बोललं, आणि डॉक्टरांसकट सगळे हसले. हळूहळू माना डोलायला लागल्या. खर्च दोन्ही इमारतींनी वाटून घ्यायचा, असंही जवळपास ठरलं. डॉक्टरांनी रीत म्हणून विचारलं, "कुणाची हरकत?"

"माझी आहे."

वहिनी भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्या सभेत कधी तोंड उघडत नसत, म्हणून आधी कुणाला कळलंच नाही कोण बोललं. "टाकीमागचा कोपरा माझा आहे. मी तो देणार नाही," त्या म्हणाल्या, आणि पदर खोचून निघून गेल्या.

सगळे जमिनीकडे बघायला लागले. डॉक्टर घसा खाकरून म्हणाले, "पुढच्या सभेत बघू."

बाई घरी आल्या तेव्हा वहिनी भांडी घासत होत्या. बाईंचा आवाज चढलेलाच होता. "चारचौघांत माझं नाक कापलंस. मला आधी सांगायचंस तरी!"

"तुम्ही मला विचारलंत?" वहिनींनी मागे वळून पाहिलं नाही. "डॉक्टरांना विचारलंत, शेजारच्यांना विचारलंत, त्यांच्या रखवालदारालासुद्धा विचारलंत. मी इथे याच घरात होते."

बाईंनी खुर्ची दाराकडे वळवली.

"रागावू नका वन्सं. तुमचे भाऊ गेले, त्यानंतर हा तुमचा अपघात. मी कधी कुरकुरले? सकाळी तुम्हाला उठवण्यापासून रात्री कूस बदलून देईपर्यंत मी तुमचीच असते. पण संध्याकाळी मी तासभर वर जाते ना, त्या टाकीमागे जाऊन बसते. झाडांना पाणी घालायला तेवढा वेळ लागत नाही. तिथं मला कुणी हाक मारत नाही. तुमची हाक तिथवर पोचत नाही म्हणूनच तर ती जागा धरली मी."

एवढं बोलून वहिनी तीच कढई पुन्हा घासायला लागल्या. ती केव्हाच लख्ख झाली होती.

दोन दिवस घरात अबोला होता. बाईंना पहिल्यांदा संताप आला, मग वाईट वाटलं, मग पुन्हा संताप आला. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांना तहान लागली आणि सवयीने तोंडातून निघालं, "वहिनी!" आणि त्यांचं त्यांनाच दिसलं की पाण्याचा तांब्या हाताच्या अंतरावर आहे. वहिनी आतून ओले हात पुसत आल्या.

"काही नाही," बाई म्हणाल्या. "चुकून मारली हाक."

त्या दिवशी बाईंनी स्वतःला चांगलंच फैलावर घेतलं. आयुष्यभर पोरींना सांगितलं, स्वतःच्या पायावर उभ्या राहा. पाय गेले, पण हात कुठे गेले होते? दवाखान्यात शिकवलं होतं, पलंगावरून खुर्चीत सरकायला एक गुळगुळीत फळी वापरायची. घरी आल्यावर वहिनींनी उचललं की पटकन व्हायचं, म्हणून फळी कपाटामागे गेली ती गेलीच. बाईंनी झाडूच्या दांड्याने ती बाहेर ओढली, पुसली आणि सुरुवात केली.

पहिल्याच प्रयत्नाला त्या खुर्ची आणि पलंगाच्या मध्ये धपकन बसल्या. वहिनी धावत आल्या.

"थांब! हात लावू नकोस."

"अहो पण वन्सं, लागलं असेल."

"लागलंय. बघत राहा, म्हणजे पुन्हा कुठे पडेन ते तुला कळेल."

उठून बसायला त्यांना किती वेळ लागला, ते विचारू नका. पण महिन्याभरात फळी त्यांच्या अंगवळणी पडली. खाली बसवलेल्या शेगडीवर चहा जमायला लागला. पहिल्या चहाला वहिनी म्हणाल्या, "गरम आहे," आणि त्यापुढे काही बोलल्या नाहीत, यावरून काय ते समजावं. अंग पुसणं, कपडे, औषधं, एकेक करत बाईंनी आपल्याकडे ओढून घेतलं. काही गोष्टी जमल्या नाहीत, त्या वहिनींकडेच राहिल्या. पण हाका निम्म्यावर आल्या.

आणि एके दिवशी बाईंनी इंजिनिअरला सांगून टाकलं, "पूल राहू दे. तो कोपरा मला नको."

"मग बाग?"

"तुमच्या गच्चीवर लिफ्ट येते ना? मग मी तिथेच लावते."

इंजिनिअरला वाटलं, थट्टा चाललीय. पण दुसऱ्याच दिवशी बाई मांडीवर मातीची पिशवी घेऊन हजर. रखवालदाराने एक फुटकं पिंप वर चढवून दिलं. बाईंनी रोपवाटिकेतून टोमॅटोची रोपं आणली होती. शेती तर सोडाच, आयुष्यात त्यांनी कुंडीत कधी मूठभर मातीही घातली नव्हती. कवायतीच्या शिस्तीने सगळी रोपं त्यांनी एका ओळीत, खांद्याला खांदा लावून उभी केली आणि बादलीभर पाणी ओतलं. दुसऱ्या दिवशी अर्धी आडवी झाली. बाईंनी ती उपटून नवी लावली, पुन्हा तशीच. आठवडाभर हा कार्यक्रम चालला.

पलीकडे टाकीमागे बसून वहिनी हे सगळं बघत होत्या. पहिले काही दिवस त्यांनी मान फिरवली. आपला तास आहे, आपण कशाला बोला. पण हाडाच्या बागवालीला रोपांचे हाल बघवत नाहीत. एका संध्याकाळी त्या ताडकन उठल्या आणि कठड्यापाशी येऊन ओरडल्या, "अहो वन्सं! रोपं लावताय की बुडवताय?"

बाईंनी मान वर केली. हात कोपरापर्यंत चिखलाने भरले होते. "मग काय करू?"

"लांब लांब लावा! श्वास घेऊ द्या त्यांना! आणि पाणी बेताने. पिंपाला खाली भोक पाडलंत का?"

"कसलं भोक?"

वहिनींनी कपाळावर हात मारला. पुढचे कितीतरी दिवस दोन गच्च्यांच्या मधून हे असं चालू राहिलं. इकडून सूचना, तिकडून "काय? ऐकू नाही आलं!" खालच्या मजल्यांवरचे लोक खिडक्या उघडून ऐकायचे. मोकळ्या, रिकाम्या त्या गच्चीकडे बघून वहिनींच्या डोक्यातही काहीतरी शिजत होतं. किती जागा वाया चाललीय! एकदा त्या खालून वळसा घालून, लिफ्टने तिथे गेल्या, चारी बाजूंनी फिरल्या, लिफ्टच्या खोलीमागे बराच वेळ उभ्या राहिल्या. सकाळचं ऊन, दुपारनंतर सावली. कुणाचीही खिडकी दिसत नव्हती.

रात्री जेवताना त्या म्हणाल्या, "तुमचा तो पूल कधी होणार?"

बाईंच्या हातातला घास तसाच राहिला. "तुझी हरकत आहे ना?"

"होती. ओरडून ओरडून माझा घसा बसलाय. कोपरा घ्या माझा. मी पलीकडे लिफ्टच्या खोलीमागे जागा बघितलीय, चांगली ऐसपैस. पण एक सांगून ठेवते वन्सं. संध्याकाळी तुम्ही बागेत आणि मी तिकडे. आभाळ कोसळलं तरी मला हाक मारायची नाही."

"नाही मारणार," बाई म्हणाल्या. "आणि वहिनी, तेव्हा विचारायला हवं होतं मी तुला."

"हं. भात घ्या अजून."

त्यापुढेही पूल काही जादूने उभा राहिला नाही. महापालिकेच्या परवानगीसाठी बाईंनी इतके खेटे घातले, की तिथला शिपाई त्यांना बघितलं की आपणहून दार धरून उभा राहायचा. मग लोखंड आलं, वेल्डिंगच्या ठिणग्या उडाल्या, खालच्या मजल्यांनी आवाजाच्या तक्रारी केल्या. उतार तयार झाला तेव्हा बाईंनी त्यावर जाऊन बघितलं आणि म्हणाल्या, "चढ जास्त आहे." कंत्राटदार म्हणाला, "बाई, मागून कुणीतरी जरासा हात दिला की झालं." बाईंनी त्याच्याकडे असं बघितलं, की त्याला शाळेचे दिवस आठवले असावेत. उतार तोडून पुन्हा लांब केला गेला. इमारतीतल्या लोकांनी एका रविवारी पिंपं हलवून वाटाही रुंद केल्या. डॉक्टरांनी त्या दिवशी खरंच दोन पिंपं उचलली आणि मग आठवडाभर कंबर धरून फिरले.

मग तो दिवस उजाडला. बाई एकट्या खाली आल्या, एकट्या शेजारी गेल्या, लिफ्टने वर, पुलावरून पलीकडे आणि उतारावरून थेट घेवड्याच्या तारांपाशी. टाळ्या वाजल्या. बाईंनी हात वर करून त्या थांबवल्या. "अजून परत जायचंय," त्या म्हणाल्या.

त्यांनी सगळी बाग चाकांवरून हिंडून बघितली, पानं हाताळली, पुदिना चुरगळून हुंगला. पोटभर बसल्या. आणि ऊन उतरल्यावर त्यांनी खुर्ची चढाकडे वळवली.

अर्ध्यापर्यंत हात चालले. मग दंड थरथरायला लागले आणि चाकं मागे घसरली. "बाई!" करत डॉक्टर पुढे धावले.

"डॉक्टर, हात खिशात!"

डॉक्टरांनी खरोखरच हात खिशात घातले. बाईंनी ब्रेक लावला. मान खाली घालून श्वास घेत राहिल्या. मग ब्रेक सुटला, चाकं एक वीत पुढे गेली, आणखी एक वीत, आणखी एक. घाम डोळ्यांत उतरला तो पुसायला हात मोकळा नव्हता. पलीकडच्या गच्चीवर लिफ्टच्या खोलीआडून वहिनी डोकावून बघत होत्या. दोन्ही मुठी आवळलेल्या, पण पाय जमिनीला खिळवून ठेवलेले. पुढची चाकं पुलाच्या सपाटीवर टेकली, तशा त्या चटकन आत सरकल्या आणि झारी भरायला लागल्या, जणू काही बघितलंच नाही.

बाई त्यांच्या समोरून गेल्या. हाक मारली नाही. लिफ्टचं बटण दाबलं आणि खाली गेल्या.

आता त्या पुलावरून बरीच वर्दळ असते. जुळ्यांची मोठी गाडी ढकलत एक आई येते, चार पायांची काठी टेकत एक आजोबा येतात. पलीकडची गच्चीही निम्मी हिरवी झालीय. परवा एक गृहस्थ आपल्या वडिलांना व्हीलचेअरवर बसवून लिफ्टमधून बाहेर आले. दोन गल्ल्या सोडून राहणारे, कुणाकडून तरी ऐकून आलेले. पुलाच्या तोंडाशी थांबून त्यांनी दबकत विचारलं, "आम्ही इथे राहत नाही. आलं तर चालेल का?"

बाई शेंगा तोडत होत्या. "आलात ना? मग या की," त्या म्हणाल्या. "आणि तुम्ही खुर्ची सोडा हो त्यांची. आजोबा, तुमचे हात चांगले दिसतायत. या इकडे, या शेंगा सोलायच्या आहेत."